वाकलेली तबकडी आणि स्वराची साक्ष : ध्वनिमुद्रिकांच्या आकारविकृतीचा एक ऐतिहासिक विचार

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हिंदुस्थानी संगीताचा इतिहास लिहिताना आठवणी, चरित्रे, वृत्तपत्रांतील परीक्षणे आणि बंदिशींचे स्वरलेखन या साधनांबरोबर ध्वनिमुद्रिकांचा आधार घेतला जातो. इतर साधने गायनाविषयी काही सांगतात. ध्वनिमुद्रिका प्रत्यक्ष गायन ऐकवते. त्यामुळे तिची साक्ष निर्णायक मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. अमुक गायकाचा षड्ज कोणत्या पट्टीत होता, त्याचा कोमल गांधार कितपत उतरलेला होता, आंदोलनाची गती काय होती, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे जुन्या तबकड्यांवरून दिली जातात. एखादे पत्र पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी त्याचा कागद, शाई आणि हस्ताक्षर तपासणारा संशोधक तबकडीच्या बाबतीत मात्र ती सपाट आहे की वाकलेली, तिचे छिद्र नेमके मध्यावर आहे की नाही, हे क्वचितच पाहतो. तबकडीचे वाकणे हा संग्राहकांच्या तक्रारीचा जुना विषय आहे. तो इतिहासाच्या साधनचिकित्सेचाही विषय कसा ठरतो, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लाखेचा देह

एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये ग्रामोफोनचे एकस्व मिळविले. त्यांच्या प्रारंभीच्या तबकड्या कठीण केलेल्या रबराच्या होत्या. साच्यात दाबताना रबरातून वायू बाहेर पडत आणि पृष्ठभागावर खाचा न उमटलेले सपाट ठिपके राहत. रबर निरुपयोगी ठरल्यावर १८९५ नंतर लाखेच्या मिश्रणाचा अवलंब झाला आणि पुढील अर्धशतक जगभरच्या संगीताचा भार लाखेने वाहिला. ही लाख प्रामुख्याने भारतातून जात असे. छोटा नागपूरच्या परिसरात पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर पोसल्या जाणाऱ्या कीटकांपासून ती मिळे. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविली गेली आणि तेथे तयार झालेल्या तबकड्या बोटीने परत आल्या. येथील झाडांवरची लाख आणि येथील गायिकेचा आवाज युरोपात एकत्र येऊन पुन्हा येथील बाजारात विकला जावा, हा त्या काळच्या व्यापाराचा बोलका नमुना म्हणता येईल. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना सुरू झाल्यावर हा फेरा थांबला. पुढे दमदम येथे मोठा कारखाना उभा राहिला. १९३५ मध्ये मुंबईत ‘यंग इंडिया’ या मुद्रेच्या तबकड्या काढणारी देशी कंपनीही स्थापन झाली.

लाखेची तबकडी केवळ लाखेची नसे. दगडाची किंवा खनिजाची बारीक पूड, कापसाचे तंतू आणि काजळी यांचा तिच्यात मोठा वाटा असे. लाख त्यांना बांधून ठेवण्याचे काम करी. तापविल्यावर मऊ होणे आणि निवल्यावर घट्ट होणे या गुणामुळेच लाखेवर साच्याचा सूक्ष्म ठसा उमटत असे, आणि नेमक्या याच गुणामुळे ती वाकतही असे. शुद्ध लाख ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. त्याहून कमी तापमानातही सतत भार राहिल्यास ती हळूहळू आकार सोडते. लाक्षागृहाची कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या समाजाला लाखेचा स्वभाव वेगळा सांगण्याची गरज नाही. तरीही तबकड्या भिंतीला तिरक्या टेकवून, पत्र्याच्या पेटीत एकावर एक रचून किंवा खिडकीपाशी ठेवण्याची रीत घरोघरी होती. विदर्भातील मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. पत्र्याच्या बंद पेटीतले त्याहून किती अधिक असेल, याची कल्पना करता येते.

वाक आणि खाच यांचा संबंध

तबकडी वाकली तरी पूर्वीच्या श्रोत्यांना फारसा त्रास होत नसे, असे जुन्या संग्राहकांकडून ऐकू येते. या म्हणण्याला शास्त्रीय आधार आहे. एडिसन यांच्या नळकांड्यावर सुई वर-खाली हालून ध्वनी लिहिला जाई. बर्लिनर यांनी ती डावी-उजवीकडे हालेल अशी योजना केली. बर्लिनर यांच्या पद्धतीत ध्वनी आडव्या कंपनांत असतो, तर वाकलेली तबकडी सुईला उभी हालविते. दोन्ही हालचाली परस्परांना काटकोनात असल्याने वाकाचा थेट आवाज निर्माण होत नाही. शिवाय चावीच्या ग्रामोफोनवरील ध्वनिपेटीचा भार १०० ग्रॅमच्या वर असल्याने सुई खाचेतून उडण्याची भीती नसे. खाचेची मात्र त्याच भाराने झीज होई आणि म्हणून पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलावी लागे.

दुसऱ्या महायुद्धाने लाखेचे राज्य संपविले. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन शासनाने लाखेच्या बिगरलष्करी वापरात ७० टक्के कपात केली आणि पर्यायी द्रव्यांच्या शोधाला गती मिळाली. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी व्हिनाइलची लाँग-प्ले तबकडी बाजारात आणली. लाखेच्या तबकडीची खाच सुमारे ०.१५ मिलिमीटर रुंद असे. नव्या तबकडीवर ती त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास आली. व्हिनाइल पडल्यावर फुटत नाही, त्यात खनिजाची पूड नसल्याने खरखर कमी असते. उष्णतेच्या बाबतीत मात्र ते लाखेहून फारसे उजवे नाही; ६० ते ७० अंशांच्या दरम्यान त्याचा ताठपणा जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत एवढे तापमान सहज होते.

वाकण्याची कारणे घरातच असतात असे नव्हे. वाफेने तापविलेल्या साच्यात व्हिनाइलचा गोळा दाबल्यावर साचा पाण्याने निवविला जातो. उत्पादन वाढविण्यासाठी निवण्याचा काळ काही सेकंदांनी कमी केला, किंवा साच्याचे दोन अर्ध समान वेगाने निवले नाहीत, तर तबकडी बाहेर येतानाच बशीसारखी होते. वेष्टनाचा पातळ प्लास्टिकचा कागद फार आवळला गेला तरी तिला बाक येतो. १९७० च्या सुमारास आरसीए कंपनीने ‘डायनाफ्लेक्स’ या नावाने पातळ, लवचीक तबकड्या काढल्या आणि त्यांचे वर्णन सुधारणा म्हणून केले. ग्राहकांचे मत वेगळे होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर कच्च्या मालाचे भाव चढले आणि पातळपणा हा अनेक कंपन्यांचा सामान्य व्यवहार झाला.

याच्या आधीच एक मूलगामी बदल घडून गेला होता. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकडी आली. तिच्या खाचेच्या दोन भिंती पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करतात आणि प्रत्येक भिंतीवर एक ध्वनिप्रवाह लिहिलेला असतो. त्यामुळे सुईची उभी हालचालही ध्वनी म्हणून वाचली जाऊ लागली. बर्लिनर यांच्या योजनेने वाकाला जे दार बंद होते, ते स्टिरिओने उघडले. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर फेरीत एकदा येणारा वाक सेकंदाला ०.५६ वेळा सुई उचलतो. लहान लाटा अधिक वेगाने उचलतात. लॅरी हॅप आणि फ्रँक कार्लोव यांनी १९७३ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या अभ्यासाने वाकाची ही कंपने मुख्यतः ८ हर्ट्झच्या खाली असतात हे दाखविले. ती कानाला ऐकू येत नाहीत, पण प्रवर्धकाची शक्ती खातात आणि ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे-मागे फडफडवितात. टोनआर्म आणि सुई यांची नैसर्गिक कंपनसंख्या ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे वाकाच्या वर आणि संगीताच्या खाली ठेवण्याचा संकेत यातूनच दृढ झाला. १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने वाजविण्याच्या मानकात २० हर्ट्झखालील ध्वनी उतरता करण्याची दुरुस्ती केली, तीही मुख्यतः याच उपद्रवासाठी. तिला सर्वांनी मानले नाही.

स्वराचा हेलकावा

इतिहासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा परिणाम स्वराच्या उंचीवर होतो. टोनआर्म ज्या बिंदूवर वर-खाली वळतो तो बिंदू तबकडीच्या पातळीपेक्षा काहीसा उंच असतो. त्यामुळे सुई वर उचलली जाताना खाचेच्या दिशेने किंचित सरकतेही. तेवढ्यापुरता खाचेचा सापेक्ष वेग बदलतो आणि स्वर चढतो किंवा उतरतो. टोनआर्मची लांबी २३० मिलिमीटर व वळणबिंदूची उंची २० मिलिमीटर धरली, तर १२ इंची लाँग-प्लेच्या बाहेरच्या कडेला, जेथे खाचेचा वेग सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, पुढील हिशोब मिळतो. तबकडी फेरीत एकदा, एकूण २ मिलिमीटर उंचावत असेल तर स्वरातील फरक ०.०६ टक्के, म्हणजे जेमतेम १ सेंट पडतो. उंची निम्मी, १ मिलिमीटर, पण लाटा सेकंदाला ४ असतील, तर फरक ०.२ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ४ सेंटवर जातो. मनुष्याचा कान नेमक्या याच, सेकंदाला ४ च्या आसपासच्या हेलकाव्याला सर्वाधिक संवेदनशील असतो. डोळ्यांना भयंकर दिसणारा बशीसारखा बाक म्हणूनच बहुधा निरुपद्रवी ठरतो आणि कडेची बोटभर लांबीची, सहज लक्षात न येणारी सुरकुती तानपुऱ्याचा षड्ज थरथरविते. वाक पाहून तबकडी बाद ठरविण्याची संग्राहकांची सवय या दृष्टीने फसवी आहे.

सुईवरच्या भारातही फरक पडतो. याच ४ हर्ट्झच्या लाटेवरून १५ ग्रॅम परिणामी वस्तुमानाचा टोनआर्म जाताना सुईवरील भार सुमारे अर्ध्या ग्रॅमने वाढतो आणि तितकाच घटतो. जिचा नेमलेला भार दीड ग्रॅमच आहे अशा सुईच्या दृष्टीने हा तिसरा हिस्सा झाला. लाटेच्या माथ्यावरून पुढे घसरताना ती खाचेच्या भिंतींवर नीट टेकत नाही, आणि नेमका त्याच वेळी तारसप्तकातला जोरकस स्वर आला तर तो चिरकतो. हा चिरकणारा आवाज गायकाचा नव्हे.

वाकाचा सख्खा भाऊ म्हणजे मध्य चुकलेले छिद्र. दोघांचा परिणाम सारखाच ऐकू येतो, परंतु छिद्राचा दोष बराच मोठा असतो. १० इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर छिद्र अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर बाहेरच्या कडेला स्वर दोन्ही बाजूंना ७ सेंटने हेलकावतो. सुई आत सरकत केंद्रापासून ५० मिलिमीटरवर येते तेव्हा हाच हेलकावा १७ सेंटचा होतो. एकूण झोका आरंभी १४ सेंट आणि शेवटी ३४ सेंट. तीन मिनिटांच्या मुद्रणात द्रुत ताना बहुधा शेवटी येतात, आणि त्या सर्वाधिक विकृत भागातच मुद्रित होतात.

श्रुतिचर्चा आणि तबकडीचा पुरावा

ही आकडेमोड महाराष्ट्रातील संगीतविचाराशी थेट जोडलेली आहे. सांगलीचे कृ. ब. देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य घेऊन श्रुतींची मोजणी पुढे नेली. त्यांनी तबकडीवर विसंबून न राहता गायकाला समोर बसवून तारेवर मापन केले, ही त्यांच्या पद्धतीची जमेची बाजू होय. त्यांच्यानंतर, विशेषतः १९६० नंतर, ध्वनिमुद्रणांवरून स्वरांतरे मोजण्याचा मार्ग रूढ झाला. मोजणीची उपकरणे जितकी सूक्ष्म झाली तितका साधनाचा दोषही मोजणीत शिरला.

प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१/८० मानले तर तिचे मान सुमारे २१.५ सेंट भरते. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी ७९ फेरे दिले तर स्वर २२ सेंटने चढतो. एका फेऱ्याची चूक म्हणजे जवळजवळ एक प्रमाणश्रुती. १९२५ पूर्वी ७८ हा वेग सार्वत्रिक नव्हता. त्यामुळे खाँसाहेबांच्या १९०५ च्या तबकड्यांवरून त्यांची पट्टी सांगताना वेगाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तथापि वेगाच्या चुकीने सगळे स्वर सारखेच सरकतात, त्यांची परस्परांतरे बिघडत नाहीत. वाक आणि सरकलेले छिद्र यांचे तसे नाही. तेथे एकाच आलापातील षड्ज एका उंचीवर आणि पाव सेकंदानंतरचा गांधार दुसऱ्या उंचीवर सापडतो. अंतर बिघडते, आणि श्रुतींचा सारा वाद अंतराचाच आहे. ३४ सेंटचा झोका असलेल्या तबकडीवरून अतिकोमल आणि कोमल गांधाराचा निर्णय करणे म्हणजे हलत्या तराजूत गुंजा मोजणे होय.

आंदोलनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी सेकंदाला १.३ वेळा फिरते. दरबारीच्या गांधारावरील संथ आंदोलनाची गती याच्या जवळपास येऊ शकते, आणि तबकडीचा दोष घराण्याचे वैशिष्ट्य म्हणून नोंदला जाण्याचा धोका निर्माण होतो. दोहोंत भेद करण्याची एक सोपी कसोटी आहे. हेलकावा तबकडीचा असेल तर तो फेरीच्या गतीला बांधलेला असतो आणि गळ्याबरोबर साथीच्या वाद्यातही उतरतो. गायकाचा असेल तर तो फक्त गळ्यात असतो. जुन्या, शिंगाच्या मुद्रणात तानपुरा जवळजवळ ऐकू येत नाही. सारंगी गळ्यामागे जाते म्हणून तिचाही उपयोग नाही. उरते ती हार्मोनियम. तिचा सूर वाजविणाऱ्याला वाकविता येत नाही, म्हणून तिच्यात ऐकू येणारा प्रत्येक हेलकावा तबकडीच्या खात्यावर टाकता येतो. श्रुती दाखविता येत नाहीत म्हणून क्लेमेंट्स यांनी जिच्यावर टीका केली आणि १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने जिला आपल्या केंद्रांतून बाहेर काढले, तीच पेटी श्रुतींच्या अभ्यासाला सर्वांत भरवशाचा साक्षीदार पुरविते.

केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. तिच्यासाठी लागणारी ध्वनिमुद्रिका न्यूयॉर्कमधील एका भारतीय दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली, असे त्या प्रकल्पाशी संबंधितांनीच लिहून ठेवले आहे. यानावरची तबकडी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची आहे; तिला उन्हाळ्याची भीती नाही. इतर प्रतींचे काय झाले, हा प्रश्न पृथ्वीवरचा आहे.

सपाट करण्याचे उपाय आणि त्यांची किंमत

वाकलेली तबकडी दोन जाड काचांमध्ये ठेवून उन्हात तापवावी आणि वर वजन ठेवून निवू द्यावी, हा उपाय सर्वत्र प्रचलित आहे. लाखेची तबकडी यामुळे पुष्कळदा सपाट होते. थंड असताना दाबली तर फुटते. व्हिनाइलचे गणित वेगळे आहे. त्याच्या खाचेतील उंच स्वरांची वळणे एका मायक्रॉनच्या आसपासची असतात. तबकडीचा बाक जाण्याइतके तापमान झाले की ही वळणेही हालण्याच्या अवस्थेत येतात. त्यातच काचेचा दाब खाचांच्या माथ्यावर पडतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ‘आयासा’ने, अंकीकरणासंबंधी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत (दुसरी आवृत्ती २००९) व्हिनाइल सपाट केल्यावर अतिमंद कंपनांत मोजता येण्याजोगी वाढ आढळल्याची नोंद आहे आणि हा उपाय शेवटचा मानावा असे सुचविले आहे. डोळ्यांना सपाट दिसणारी तबकडी कानाला अधिक वाकडी ऐकू येऊ शकते, असा याचा अर्थ.

यंत्राच्या बाजूनेही उपाय झाले. १९७८ मध्ये शुअर कंपनीने व्ही-१५ मालिकेतील चौथ्या सुईला पुढे बारीक ब्रश जोडला. तो तबकडीवर टेकून वाकाचे धक्के शोषून घेतो. जपानी निर्मात्यांनी तबकडी हवेच्या निर्वाताने थाळीवर ओढून धरणारी यंत्रे केली. नाकामिचीच्या एका यंत्रात तर तबकडीचा खरा मध्य आपोआप शोधण्याची सोय होती. ही सारी यंत्रे अतिशय महाग होती आणि भारतीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती येण्याचा प्रश्नच नव्हता. या ग्रंथालयांतील तबकड्या साध्या यंत्रांवर वाजल्या, पुढे त्यांवरून कॅसेट झाल्या आणि कॅसेटवरून संगणकातील फिती. प्रत्येक टप्प्यावर हेलकावा तसाच पुढे गेला. तो कोठून आला हे सांगणारी तबकडी मात्र अनेकदा मोडीत निघाली.

संगणकीय दुरुस्तीविषयी सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. म्युनिकच्या सेलेमनी कंपनीची २०११ मधील ‘कॅपस्टन’ ही प्रणाली मुद्रणातील संगीताचेच विश्लेषण करून हेलकावा ओळखते आणि स्वर स्थिर करते. ज्या संगीतात स्वर ठरावीक जागी उभा राहतो, तेथे हे तत्त्व उपयुक्त ठरते. मींड आणि आंदोलन हाच ज्याचा प्राण आहे अशा गायनात मात्र दोष कोणता आणि गुण कोणता, हे प्रणालीला कसे कळणार? तिचा वापर करावयाचा झाल्यास दुरुस्तीचा आधार हार्मोनियमचा स्वर किंवा फेरीची ज्ञात गती हाच असावा, आणि मूळ, न सुधारलेले अंकीकरण वेगळे जतन करावे. मोनो तबकडी स्टिरिओ सुईने वाजवून दोन्ही भिंतींचे प्रवाह स्वतंत्र साठविणेही श्रेयस्कर होय. दोन्ही प्रवाहांच्या बेरजेत वाकाची उभी हालचाल बव्हंशी नाहीशी होते आणि वजाबाकीत फक्त तीच उरते. ही वजाबाकी ऐकायला निरर्थक असली तरी तबकडीच्या विकृतीची ती नेमकी नोंद असते.

कार्ल हेबर आणि विटाली फदेयेव यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे सुईविना, छायाचित्रांवरून खाच वाचण्याची पद्धती मांडली. चेन्नईच्या रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालयातही असे यंत्र बसविण्यात आले. तेथे तबकडीला स्पर्श होत नाही, त्यामुळे तडा गेलेली तबकडीही वाचता येते, आणि खाचेचा मध्य प्रतिमेवरूनच काढता येत असल्याने सरकलेल्या छिद्राचा दोष गणिताने दूर होतो. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आपल्या नियतकालिकातून भारतीय तबकड्यांच्या सूची आणि इतिहास प्रसिद्ध केला. अशा सूचींत गायक, राग, मुद्रा आणि साचाक्रमांक यांची नोंद असते. त्याच ओळीत वाजविण्याचा वेग, वाकाची उंची, एका फेरीतील लाटांची संख्या आणि छिद्राचे मध्यापासूनचे अंतर हे चार आकडे घालायला एक मोजपट्टी आणि पाच मिनिटे पुरतात.